वृकोदर

दिवाळी अंकासाठी काहीतरी खुसखुशीत पाठवा, असा संपादकांचा निरोप दरसाल गणपती उठले की येतो. गेल्या वर्षी या सदरात मी फराळाच्या डब्यांवर लिहिले होते. यंदा आकाशकंदिलावर लिहावे असा बेत होता. पहिला परिच्छेद लिहूनही झाला होता. तेवढ्यात एका रविवारी सकाळी माझा एक जुना विद्यार्थी दारात उभा राहिला, आणि आकाशकंदील होता तिथेच राहिला.

हा मुलगा बी. ए. ला माझ्या वर्गात होता. मराठीचा पेपर सोडला तर त्याला सर्व काही उत्तम येत असे. आता तो बँकेत आहे, लग्न होऊन दोन वर्षे झाली आहेत, आणि नुकताच त्याने शहराच्या कडेला पाचव्या मजल्यावर ब्लॉक घेतला आहे. त्याचेच पेढे घेऊन तो आला होता. पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवून त्याने खिशातून मोबाइल काढला आणि एक फोटो माझ्यापुढे धरला. करड्या रंगाचे, लोंबत्या कानांचे एक पिल्लू. अंगापेक्षा पंजेच मोठे. चेहऱ्यावर कोणाचे तरी कर्ज बुडविल्यासारखा भाव.

“सर, ग्रेट डेन आहे. पस्तीस दिवसांचा. घेऊ का?”

हा प्रश्न त्याने मलाच विचारावा याला कारण होते. ते कारण त्या क्षणी माझ्या टेबलाखाली एका जुन्या गादीवर पसरलेले होते. आपल्या जातीचा विषय निघाला आहे हे कळल्याप्रमाणे त्याने मान उचलली, पाहुण्याकडे पाहिले, आणि ती मान त्याच्या दोन्ही पावलांवर ठेवून पुन्हा डोळे मिटले. मुलगा विरघळला. “बघा ना सर, किती गरीब असतात!” म्हणाला.

‘घे’ हा शब्द माझ्या ओठांवर आला होता, आणि ‘नको’ हाही. मी म्हटले, “आधी चहा घे. मग सांगतो.” चहाचे जेवण झाले, जेवणानंतर पुन्हा चहा झाला, आणि जे सांगितले ते हे.

वृकोदर आमच्याकडे आला तो पाहुणा म्हणून. माझे मेहुणे सैन्यात. त्यांची बदली ईशान्येकडे झाली तेव्हा अडीच महिन्यांचे पिल्लू ‘चार महिने सांभाळा’ म्हणून त्यांनी बहिणीच्या स्वाधीन केले. त्या गोष्टीला सात वर्षे होत आली. ते चार महिने अद्याप संपावयाचे आहेत. पहिल्याच दिवशी त्याने स्वतःचे दूध, मांजरीचे दूध आणि आईने विरजणासाठी काढून ठेवलेले दूध अशा क्रमाने संपविले. नाव ठेवण्याचा मान, घरातला मराठीचा मास्तर म्हणून, माझ्याकडे आला. मी ‘वृकोदर’ हे नाव ठेवले. वृक म्हणजे लांडगा. लांडग्यासारखे ज्याचे उदर, तो वृकोदर, अर्थात भीम. समास बहुव्रीही. सौ. म्हणाली, “अहो, त्याला हाक मारायची आहे, समास सोडवायचा नाही.” शेवटी मुलीने त्याचा वृकू केला, आई त्याला भीमा म्हणू लागली आणि सोसायटीतील मंडळी ‘तो घोडा’ एवढ्यावर थांबली. या नावाने पुढे आमच्यासाठी काय वाढून ठेवले आहे, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते.

ग्रेट डेन असे नाव असले तरी ही जात डेन्मार्कची नव्हे. ती घडविली जर्मनांनी. तिकडे तिला ‘डॉयचे डॉगे’ म्हणतात. रानडुकराच्या शिकारीसाठी मॅस्टिफचे बळ आणि ग्रेहाउंडची चपळाई एकाच अंगात हवी, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या निवड करीत हा प्राणी तयार झाला. पुरा वाढलेला नर खांद्याशी ऐंशी सेंटिमीटर किंवा त्याहूनही उंच, वजन साठ किलोच्या आसपास, छाती खोल आणि अरुंद. रानडुकरे गेली, शिकारी गेले, त्यांचे वाडे गेले. हा देह मात्र तेवढाच राहिला आणि आमच्यासारख्यांच्या दोन खोल्यांत येऊन पडला. त्याची बहुतेक मोठी दुखणी या देहाच्या मापातूनच निघतात.

पहिले दुखणे निघाले ते आमच्या प्रेमातून. ग्रेट डेनचे पिल्लू जन्मतः अर्ध्या-पाऊण किलोचे असते आणि वर्षभरात पन्नास किलोच्या घरात जाते. माणसाचे तीन किलोचे बाळ वर्षाने नऊ-दहा किलोंचे झाले की आपण त्याची दृष्ट काढतो. इथे तेवढ्याच अवधीत अंग सत्तर-शंभर पट होते. हे पाहून आईचे मत असे पडले की वाढत्या अंगाला काही कमी पडता कामा नये. पिल्लांचे तयार खाणे तर होतेच. शिवाय तूपभात, दूध, आणि औषधाच्या दुकानातून आणलेली कॅल्शियमची बाटली. जिने आयुष्यात अंड्याला हात लावला नव्हता, तिने भीमासाठी गॅलरीत वेगळी शेगडी मांडून अंडी उकडावयास घेतली. पिल्लू असे बाळसे धरू लागले की येणारा-जाणारा थांबून पाही. आणि पाचव्या महिन्यात त्याच्या पुढच्या पायांची मनगटे सुजली, पाय धनुष्यासारखे बाहेर वाकले, आणि सकाळी गादीवरून उठताना तो कण्हू लागला.

आम्ही त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी विचारले, “खायला काय देता?” आईने अभिमानाने यादी सांगितली. ती संपेपर्यंत बाई शांत बसल्या आणि म्हणाल्या, “आजी, यातले निम्मे बंद, आणि ही बाटली आजपासून पुरती बंद.”

पुढे त्यांनी जे समजावून दिले ते आम्हाला नवीन होते. लहान जातीचे पिल्लू जादा खाऊन लठ्ठ होते, तर प्रचंड जातीचे पिल्लू जादा खाऊन उंच होते. हाडे पक्की होण्याच्या आधीच लांब होतात आणि वर वजन येऊन बसते. १९७४ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी नेमक्या ग्रेट डेनच्याच पिल्लांवर याचा प्रयोग केला होता. काही पिल्लांना हवे तितके खाऊ दिले, काहींना मोजून. हवे तितके खाणाऱ्यांच्या हाडांत नि सांध्यांत दोष अधिक निघाले. पुढे १९८५ च्या सुमारास नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथे ग्रेट डेनवरच कॅल्शियमचा अभ्यास झाला. कोवळ्या पिल्लाच्या आतड्याला नको असलेले कॅल्शियम नाकारता येत नाही. घालाल ते अंगात शिरते आणि हाडांची घडण बिघडते. म्हणजे आई ज्याला पोषण समजत होती, तेच त्याला भोवत होते.

निघताना बाई म्हणाल्या, “सर, हा कुत्रा घाईने वाढतो आणि घाईने म्हातारा होतो. तुम्ही कशाचीच घाई करू नका. खाण्याची नाही, वाढीची नाही, जिने चढविण्याची नाही. दीड-दोन वर्षे त्याच्या हाडांना सावकाश पिकू द्या. घाई फक्त एकाच गोष्टीची करायची.” आणि त्यांनी एक छापील कागद हातात दिला. तो सौ.ने फ्रिजवर चिकटविला. कागदावर काय आहे हे मी एकदा वरवर वाचले, आणि आपल्या सवयीप्रमाणे त्यातले शुद्धलेखन तपासून विसरून गेलो.

आईने महिनाभर डॉक्टरीणबाईंचे नाव टाकले होते. मग पाय हळूहळू सरळ झाले, आणि संक्रांतीला तिने स्वतः तिळाच्या लाडवांचा डबा त्यांच्याकडे पोहोचता केला.

त्यानंतरची दोन-तीन वर्षे बरी गेली. दुखणी आली, पण हसावे की रडावे अशा जातीची. कडक फरशीवर बसून बसून त्याच्या कोपरावर लिंबाएवढी पाण्याची गाठ आली. एवढा भार फरशीवर टेकला की हाडावरचे मांस चेपते आणि तिथे पाणी धरते. उपाय काय, तर मऊ अंथरूण. माझी गादी त्याच्याकडे गेली ती तेव्हापासून. दुसरे दुखणे शेपटीचे. आनंद झाला की तो शेपूट हलवी, आणि आमच्या घरात शेपूट हलवायला जागा नाही. भिंतीवर, कपाटावर, दाराच्या चौकटीवर आपटून तिचे टोक फुटले, आणि ऐन दिवाळीपूर्वी रंग दिलेल्या भिंतीवर रक्ताचे शिंतोडे उडाले. पट्टी बांधली की ती आनंदाच्या पुढच्या झटक्याला निघून जाई. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, “याला औषध एकच, तुम्ही घरी आल्यावर जरा कमी प्रेमाने हाक मारा.” ते औषध आम्हाला जमले नाही.

याच सुमारास मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी जगातल्या उंच कुत्र्यांची वही केली. सर्वांत उंच कुत्रे म्हणून विक्रमाच्या पुस्तकांत नाव लागलेले तिघेही ग्रेट डेन निघाले, म्हणून आधी घरात मोठा उत्सव झाला. अमेरिकेतील मिशिगनचा झ्यूस खांद्याशी १११.८ सेंटिमीटर. अ‍ॅरिझोनाचा जायंट जॉर्ज १०९ सेंटिमीटर. मग तिने पुढचा रकाना आखला, ‘किती वर्षे जगला’ हा. झ्यूस २०१४ मध्ये गेला, वय पाच. जॉर्ज २०१३ मध्ये गेला, आठ पुरी व्हायला महिना कमी. त्यानंतरच्या टेक्सासच्या झ्यूसचा हाडाच्या कर्करोगाने पाय काढावा लागला, आणि २०२३ मध्ये तो न्यूमोनियाने गेला तेव्हा तीन वर्षांचा होता. दक्षिण आफ्रिकेतील सायमन्स टाउनच्या बंदरावर ‘जस्ट न्युइसन्स’ नावाचा ग्रेट डेन खलाशांबरोबर आगगाडीने फिरत असे. त्याचे तिकीट कोण काढणार हा वाद मिटविण्यासाठी १९३९ साली ब्रिटिश आरमाराने त्याला रीतसर खलाशी म्हणून भरती करून घेतले. आज तिथे त्याचा पुतळा आहे. तो १ एप्रिल १९३७ ला जन्मला आणि १ एप्रिल १९४४ ला गेला. बरोबर सात वर्षे.

मुलीने वही मिटली आणि विचारले, “बाबा, आपला वृकू आता किती वर्षांचा?”

तेव्हा तो चार वर्षांचा होता. तिने बोटांवर काहीतरी मोजले आणि ती उठून त्याच्या गादीवर जाऊन बसली.

एरवी सृष्टीत हत्ती उंदरापेक्षा अधिक जगतो. मोठ्या देहाला मोठे आयुष्य हा सर्वसाधारण नियम. कुत्र्यांच्या जातीत तो उलटा होतो. जर्मनीतील ग्योटिंगेन विद्यापीठाच्या कॉर्नेलिया क्राउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली चौऱ्याहत्तर जातींचा हिशेब मांडला. त्यांना असे दिसले की सुमारे दोन किलो वजनामागे आयुष्यातला एक महिना कमी होतो, आणि याचे मुख्य कारण म्हणजे मोठा कुत्रा लवकर थकत जातो, त्याचे म्हातारपण वेगाने धावते. ग्रेट डेनचे आयुष्य साधारणपणे सात ते दहा वर्षांचे. आपण घरात पिल्लू आणतो तेव्हा शाळेत जाणारे मूल शाळा संपवून बाहेर पडायच्या आत हा प्राणी म्हातारा होऊन गेलेला असतो.

आता त्या रात्रीची गोष्ट. ती माझ्या चुकीची गोष्ट आहे, आणि म्हणूनच लिहावयास हवी.

तीन वर्षांपूर्वीचे लक्ष्मीपूजन. घरी पाहुणे होते. धांदलीत वृकोदराचे दुपारचे जेवण राहून गेले म्हणून सहाच्या सुमारास त्याला दोन वेळचे एकदम वाढले. ते त्याने नेहमीप्रमाणे दोन मिनिटांत उडविले, आणि कोणाचे लक्ष नाही असे पाहून शेवेचे ताट वर घेतले. अंधार पडताच फटाके सुरू झाले. तो थरथरत या खोलीतून त्या खोलीत येरझारा घालू लागला. फटाक्यांना दरसालच भितो म्हणून आम्ही दुर्लक्ष केले. सव्वाआठला तो ओकारी काढू लागला. पण बाहेर काही पडेना. नुसता फेस. पुन्हा पाठ वाकवायची, पुन्हा जोर करायचा, पुन्हा फेस. मान वळवून तो स्वतःच्याच कुशीकडे पाहत होता, तिथे कोणी बसले आहे की काय असे.

मी म्हटले, “गॅस धरला आहे. एवढे खाल्ल्यावर दुसरे काय होणार?” आईने ओव्याचे पाणी केले. हिंग उगाळून पोटाला चोळला. ओव्याचे पाणी त्याच्या घशाखाली जाईना, तरी मी जबडा धरून दोन चमचे घातले. पाऊण तास गेला. पोट ताशासारखे ताणले होते. बोटाने टिचकी मारली तर पोकळ आवाज येई. मुलगी फ्रिजसमोर उभी होती. ती म्हणाली, “बाबा, यात लिहिलेय. ओकारी येते पण पडत नाही, लाळ गळते, पोट फुगते. ताबडतोब न्या, असे लिहिलेय.” मी म्हणालो, “अगं, हे सगळे विकणारे-छापणारे घाबरवूनच लिहितात. अर्धा तास पाहू.”

बारा वर्षांच्या मुलीने वाचलेले खरे होते, आणि वीस वर्षे मुलांना ‘लक्षपूर्वक वाचा’ म्हणून सांगणाऱ्या मास्तराने ते ऐकले नाही. तो अर्धा तास मला अजून रात्री जागवितो.

पावणेदहाला त्याचे मागचे पाय मोडले. हिरड्या पांढऱ्याफटक दिसू लागल्या. मग मात्र मी फोन उचलला. आमच्या डॉक्टरीणबाई सणासाठी गावी गेलेल्या. दोन ठिकाणी घंटी वाजत राहिली. तिसऱ्या ठिकाणी, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, एका तरुण डॉक्टरांनी फोन घेतला, दोनच प्रश्न विचारले आणि म्हणाले, “बोलत बसू नका. निघा.”

अठ्ठावन्न किलोचा देह जिन्यावरून उतरवायचा कसा? शेजारच्या काकांनी भुंकण्याबद्दल दोनदा सोसायटीकडे आमची तक्रार केली होती. दार उघडून बाहेर काय चालले आहे हे पाहताच ते आत गेले आणि पूजेसाठी अंथरलेली आपली सतरंजी ओढून घेऊन आले. चार कोपरे चौघांनी धरले: काका, मी, वॉचमन आणि शेव घेऊन आलेला वाण्याचा पोऱ्या. रिक्षावाल्यांनी पाहूनच नकार दिला. शेवटी दूधवाल्याचा टेम्पो मिळाला. दोन्ही बाजूंनी आकाशात बाण उडत होते आणि माझ्या मांडीवर ते जड डोके होते. त्या वेळी मला महाप्रस्थानाची वाट आठवली. भावांमध्ये शेवटी पडला तो भीम, आणि का पडलो असे विचारल्यावर धर्मराजाने त्याच्या खाण्याचे कारण सांगितले. कुत्रा मात्र स्वर्गाच्या दारापर्यंत चालत गेला. हा वर्गात दरसाल सांगण्याचा भाग. आज पडणारा आणि चालणारा एकच होता, आणि त्याला वाढणारा हात माझा होता.

डॉक्टरांनी आधी कुशीतून जाड सुई घातली. सायकलच्या चाकातून हवा सुटावी तसा आवाज झाला. दोन्ही पायांना सलाइन लावले, एक्स-रे काढला आणि साडेअकराला त्याला टेबलावर घेतले. दीडला ते बाहेर आले. “जगेल असे वाटते,” म्हणाले, “पण हृदयाचे ठोके दोन-तीन दिवस सांभाळावे लागतील.” मी ओव्याचे पाणी पाजल्याचे कबूल केले. ते रागावले नाहीत. म्हणाले, “ओव्याने गॅस सुटतो, सर. पण वाटच पिळली गेली असेल तर तो सुटणार कुठून?”

खोल, अरुंद छातीच्या मोठ्या कुत्र्यांच्या पोटात हवा भरते आणि ते स्वतःभोवती फिरते. श्रीखंडासाठी दही बांधून आपण फडक्याला पीळ देतो, तसा पीळ जठराच्या दोन्ही तोंडांना बसतो. मग वर ओकारी नाही, खाली वाट नाही. फुगलेले पोट हृदयाकडे परतणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या दाबते. जठराच्या भिंतीला रक्त मिळेनासे होते. पानथरीही पिळात ओढली जाते. हे सर्व थोड्या तासांत होते, आणि शस्त्रक्रियेवाचून यातून कुत्रा वाचत नाही. ग्रेट डेन ही जात या दुखण्यात सर्वांच्या पुढे. एकाच वेळी भरपूर खाणे, भराभर खाणे, भित्रा स्वभाव, वाढते वय, आणि आईबापांना किंवा भावंडांना हे झालेले असणे, यांनी धोका वाढतो. उंच कुत्र्याचे भांडे स्टुलावर ठेवावे असे आम्हाला कोणीतरी सांगितले होते, आणि आम्ही तसे करीत होतो. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाने २००० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत उंचावर ठेवलेले भांडे धोका वाढविते असेच आढळले होते.

वृकोदराचे जठर सरळ करून डॉक्टरांनी ते उजवीकडे पोटाच्या भिंतीला शिवून टाकले. आता फुगले तरी सहसा फिरणार नाही. हेच टाके कुत्रा तरुण असताना, खच्चीकरणाच्या वेळीच, आधीच घालून घेता येतात. हे मला चार वर्षे कोणी सांगितले नाही असे म्हणणार होतो; पण तो कागद काढून पाहिला तर शेवटच्या ओळीत तेही लिहिले होते.

विद्यार्थी गप्प बसून ऐकत होता. मग त्याने विचारले, “म्हणजे सर, घेऊ नको?”

मी म्हटले, “असे मी कुठे म्हणालो? आधी इतके कर. एक, हे पिल्लू पस्तीस दिवसांचे आहे. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकू नये असा २०१७ पासून नियम आहे. जो ते विकतो त्याच्याकडून घेऊ नकोस. दोन, पिल्लू नंतर पाहा, आधी त्याचे आईबाप पाहा. त्यांच्या खुब्यांचे एक्स-रे काढले आहेत का, त्यांचे हृदय तपासले आहे का, घराण्यात कोणाचे पोट फिरले होते का, हे विचार. खुब्याची वाटी उथळ असण्याचा दोष आणि हृदय पसरून दुबळे होण्याचा रोग, हे दोन्ही रक्तातून येतात. तीन, बायकोला विचार. घरात मूल येईल तेव्हा हा ऐन तारुण्यात असेल, आणि मूल शाळेत जाऊ लागेल तेव्हा म्हातारा. चार, पाचव्या मजल्याची लिफ्ट बंद पडली तर सतरंजीचे चार कोपरे कोण धरणार, ती माणसे ठरव.”

“आणि घेतल्यावर?”

“घेतल्यावर दोन-तीन वेळा थोडे थोडे खाऊ घाल, जमिनीवर भांडे ठेवून. जेवण झाल्याबरोबर उड्या मारू देऊ नकोस. हात फिरविला तर बरगड्या मोजता आल्या पाहिजेत, एवढाच बारीक ठेव. लोक ‘खायला देत नाही’ म्हणतील, ते ऐकून घे. गुळगुळीत फरशीवर पायपोस अंथर. मागचे पाय दारू प्यायल्यासारखे झोकांड्या खाऊ लागले तर मानेचे मणके तपासून घे. मनगटाच्या वर सूज आली आणि लंगडणे थांबेना, तर तेल चोळत महिने घालवू नकोस, एक्स-रे काढ. हाडाचा कर्करोग या जातीत तिथेच घर करतो. खोकला येऊ लागला, दोन पावलांत दम लागला, चक्कर येऊन पडला, तर हृदय दाखव. बाकी सगळे सावकाश. फक्त रिकामी ओकारी आणि फुगलेले पोट दिसले, तर ओवा नाही, हिंग नाही, अर्धा तास नाही.”

तो गेला. जाताना वृकोदराला त्याच्या पायावरून मान उचलण्याची विनंती करावी लागली. आता सात वर्षांचा आहे तो. श्रावणात त्याचा वाढदिवस झाला तेव्हा मुलीने जस्ट न्युइसन्सची ओळ असलेले वहीचे पान काढून पाहिले आणि काही न बोलता परत ठेवले. तोंड पांढरे झाले आहे. उठताना मागचे पाय जरा रेंगाळतात. रोज संध्याकाळी आई त्याच्या थाळीत भात मोजून वाढते, आणि चमचा सपाट आहे ना, हे चष्मा लावून पाहते.

आठ दिवसांनी विद्यार्थ्याचा फोन आला. पिल्लू विकणाऱ्याने आईबाप दाखविण्याचे टाळले, म्हणून त्याने ते पिल्लू सोडले होते. मी हळहळलो. तो म्हणाला, “नाही सर, विचार सोडलेला नाही. रात्री बारानंतर कोणकोणते प्राण्यांचे डॉक्टर फोन उचलतात, त्याची यादी करतोय. आधी यादी, मग कुत्रा.” मराठीच्या पेपरात मी या मुलाला काठावर पास केले होते. ते गुण वाढवून द्यावेत असे मला वाटले.

लक्ष्मीपूजन जवळ आले आहे. त्या दिवशी वृकोदराचे जेवण दोन वेळा वेगवेगळे होईल, दुसरे दिवेलागणीच्या बरेच आधी. फराळाची ताटे कपाटावर जातील. फटाके सुरू झाले की मुलगी खिडक्या लावून त्याच्याजवळ बसेल. काकांची सतरंजी आम्ही त्यांना परत केली होती. पण दर दिवाळीला ते ती स्वतःच आणून देतात. यंदाही ती दाराशी, घडी घालून, हाताला लागेल अशी ठेवलेली असेल.